टर्मिनलमधून पायथॉन काढताना

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स प्रणाली आहे. अभ्यासासाठी मी त्यावर पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची ३.११ ही आवृत्ती घातली होती. आता पायथॉन पूर्ण काढून पुन्हा नव्याने घालावा, म्हणून ‘सुडो ॲप्ट रिमूव्ह पायथॉन३’ ही आज्ञा दिली, तर काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची स्क्रीनभर यादी आली. पुढे जाऊ का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : मुळीच नको; ‘एन’ दाबून एंटर करा. नुसते एंटर दाबले तरी तो होकार धरला जातो, कारण यादीखालच्या ‘पुढे जायचे का?’ या प्रश्नापुढील कंसात ‘वाय’ हे अक्षर मोठ्या लिपीत असते आणि मोठे अक्षर म्हणजे गृहीत धरलेले उत्तर.

ती यादी सावकाश वाचलीत, तर तिच्यात ‘उबुंटू-डेस्कटॉप’ आणि ‘अपडेट-मॅनेजर’ ही नावे सापडतील. उबुंटू २२.०४ सोबत येणारा पायथॉन ३.१० प्रणालीच्या स्वतःच्या कामासाठी असतो. तिची कित्येक साधने पायथॉनमध्येच लिहिलेली असल्यामुळे तो काढला, की त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेही काढली जातात. या एका होकारापायी डेस्कटॉप गमावून बसलेले लोक कमी नाहीत.

तुम्हाला काढायचा आहे तो फक्त ३.११. तो कोठे आहे हे आधी ‘टाइप -ए पायथॉन३.११’ या आज्ञेने पाहा (आज्ञा अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत द्यावी). उत्तरात ‘यूएसआर’खालचे ‘बिन’ आले, तर तो बहुधा ॲप्टनेच (पॅकेजे घालण्या-काढण्याच्या उबुंटूच्या साधनाने) घातलेला आहे. अशा वेळी ‘सुडो ॲप्ट पर्ज पायथॉन३.११’ आणि त्यानंतर ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ या आज्ञा द्याव्यात. ‘रिमूव्ह’ प्रणालीतील संरचनेच्या (कॉन्फिगरेशनच्या) फायली मागे ठेवते, ‘पर्ज’ त्याही पुसते. ‘ऑटोरिमूव्ह’ मात्र केवळ इतरांच्या गरजेपोटी आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे काढते. तिचीही यादी वाचल्याशिवाय होकार देऊ नये.

उत्तरात ‘यूएसआर’खालचे ‘लोकल’ आले, तर तो पायथॉन मूळ संकेतावरून (सोर्स कोडवरून) बांधलेला असावा. ॲप्टला त्याचा पत्ताच नसतो आणि पायथॉनच्या मेकफाइलमध्ये (बांधणीच्या सूचनांच्या फायलीत) ‘अनइन्स्टॉल’ची सोय नाही, त्यामुळे ‘लोकल’खालच्या फोल्डरांतील नावात ३.११ असलेल्या फायली हातानेच शोधून काढाव्या लागतात.

पिपने (पायथॉनची पॅकेजे घालणाऱ्या साधनाने) तुमच्या खात्यापुरती घातलेली पॅकेजे होम फोल्डरमधील लपलेल्या ‘.लोकल’मध्ये, ‘लिब’खालच्या ‘पायथॉन३.११’ फोल्डरात असतात. पर्ज त्यांना हात लावत नाही. नको असल्यास तो फोल्डर स्वतंत्रपणे पुसावा.