सरांच्या नावानं काही करायचं तर…

प्रश्न : आमचे गणिताचे सर गेले. माजी विद्यार्थ्यांनी ७५,००० रुपये जमवलेत. दहावीत पहिल्या येणाऱ्याला दरवर्षी बक्षीस द्यायचा विचार आहे. पैसे शाळेला कसे द्यावेत?

मुख्याध्यापक बदलतात, म्हणून पैसे शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या नावे धनादेशानं द्या. सोबत पत्र हवं : मुद्दल मोडायचं नाही, बँकेत मुदतठेव ठेवायची, बक्षीस व्याजातून द्यायचं, शाळा बंद किंवा विलीन झाली तर रक्कम कुठे जाईल. कार्यकारी मंडळाच्या ठरावाची प्रत मागून घ्या. पावतीवर ‘कायम निधीसाठी’ असं लिहून घ्यायला विसरू नका, नाहीतर रक्कम चालू खर्चात मिसळते.

साडेसहा टक्क्यांनी वर्षाला ४,८७५ रुपये व्याज येईल. त्यातले हजारभर दरवर्षी मुद्दलात टाका. ही अट नसल्यानंच कित्येक शाळांतली जुनी पारितोषिकं आज पन्नास-शंभर रुपयांवर अडकली आहेत.

दहावीचा निकष मात्र बदला, असं आम्ही आग्रहानं सांगू. निकाल उन्हाळ्यात लागतो, बक्षीस समारंभ बहुधा डिसेंबर-जानेवारीत असतो. तोवर मूल दुसऱ्या गावच्या कॉलेजात गेलेलं असतं आणि पाकीट कपाटात राहतं. नववी घ्या. शिवाय पहिल्या आलेल्याला इतर बक्षिसं मिळतातच. सर कच्च्या मुलांसाठी थांबत असतील, तर सहामाहीपासून वार्षिकपर्यंत गणितात सर्वांत जास्त गुण वाढवणाऱ्याला द्या. समान गुण आले तर रक्कम विभागायची, हेही पत्रात लिहा. नेमका निकष टिकतो : १९१२ साली चिंतामणराव देशमुखांना मॅट्रिकला मिळालेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आजही संस्कृतच्याच गुणांवर दिली जाते.

परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांपैकी भारतीय पासपोर्ट असणारे पैसे देऊ शकतात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचे पैसे, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, परकीय देणगीची परवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येतात.

प्रश्न : गाण्याच्या गुरुजींच्या तालमीच्या जुन्या कॅसेट त्यांच्या मुलाकडे आहेत. त्या संगणकावर कशा घ्याव्यात?

आधी प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेच्या दोन छोट्या प्लॅस्टिक पट्ट्या मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट लावूच नका. बुरशी यंत्रात आणि तिथून पुढच्या कॅसेटमध्ये जाते. तिला वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे द्या. आवाज दबका येत असेल तर फितीमागचा फेल्टचा तुकडा गळलाय का पाहा. गळला असेल तर दोन्ही रिळं स्क्रूच्या चांगल्या कॅसेटमध्ये हलवता येतात.

बरेच दिवस पडून असलेली फीत एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, यंत्राचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि मगच वाजवा. रेकॉर्डिंग ‘वेव्ह’ फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर करा. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण एक जीबी जागा लागते.

खरखर काढायची घाई सगळ्यांना होते आणि नुकसान तिथेच होतं. संगणक तानपुऱ्याचा अखंड नादसुद्धा खरखर समजून खाऊन टाकतो. मूळ फाइल तशीच ठेवा, साफसफाई प्रतीवर करा. सूर चढा वाटला तर शक्यता अशी की रेकॉर्ड करताना सेल उतरल्यानं यंत्र हळू फिरत होतं. गुरुजी कोणत्या पट्टीत गात हे ठाऊक असलेल्यानं प्रतीचा वेग जुळवावा.

मधलं बोलणं कापू नका. ‘हा गंधार परत लाव’ म्हणून गुरुजी स्वतः लावून दाखवतात, ती जागा कुठल्याही मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये नसते. कॅसेटच्या वेष्टनावरच्या हस्ताक्षराचे फोटो काढा. तीन प्रती करा, एक दुसऱ्या घरी ठेवा. यूट्यूबवर टाकण्यापूर्वी वारसांची लेखी परवानगी घ्या.

प्रश्न : वर्षश्राद्धाला बाईंची स्मरणिका काढायची आहे. लेख येतात, पण सगळे सारखेच.

‘आठवण लिहा’ म्हटलं की प्रेमळ, शिस्तप्रिय एवढंच येतं. प्रत्येकाला वेगळा प्रश्न पाठवा : बाई फळ्यावर काय आधी लिहीत? वही तपासताना शेरा काय असे? शब्दमर्यादा ३०० ठेवा. फोटो व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर छपाईत फुटतात. मधे पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत हवीत.