गुरुत्वत्वरण अधिक ९.८ घ्यायचं की वजा ९.८?

तुमच्या मुलाच्या वहीत एका गणितात 'जी' (म्हणजे गुरुत्वत्वरण) अधिक ९.८ आहे, दुसऱ्यात वजा ९.८, आणि लिफ्टच्या गणितात वजन कधी एमजी (वस्तुमान गुणिले जी) तर कधी वजा एमजी. यातलं बरोबर काय, असं विचारलंय. त्याच वहीत कुठेतरी 'वर फेकलं की जी ऋण, खाली पडलं की जी धन' असं चौकटीत लिहिलेलं असणार. आधी ती चौकट खोडायला सांगा.

या चौकटीवरून माझं एका सहकाऱ्याशी स्टाफरूममध्ये चांगलंच वाजलं होतं. अकरावीच्या चाचणीत प्रश्न होता: २५ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून दगड सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला, तो जमिनीवर कधी पडेल? जी १० घ्या. एका मुलीने पहिल्याच ओळीत खाली जाणारा बाण काढून 'ही दिशा धन' असं लिहिलं. मग वेग वजा २०, त्वरण अधिक १०, विस्थापन अधिक २५. म्हणजे २५ = −२०टी + ५टी² (टी म्हणजे लागलेला वेळ), उत्तर ५ सेकंद. बरोब्बर. सरांनी अधिक १० भोवती लाल गोल काढला, 'जी ऋण हवा' असा शेरा मारला आणि तीनपैकी एक गुण दिला.

पोरगी पेपर घेऊन माझ्याकडे आली. मी सरांना विचारलं, दगड वर जाऊन परत खाली येतो, मग तुमचं चिन्ह पलटतं कुठे? म्हणाले, वरच्या टोकाला. टोकाला मग जी किती, शून्य? त्यावर 'बोर्डात असलं चालत नाही' हे ठरलेलं उत्तर. का चालू नये? त्याच गठ्ठ्यात चौकट पाठ केलेल्यांचे पेपर होते. 'शेवटी पडतोच ना' म्हणून सगळंच धन घेणाऱ्यांना १ सेकंद मिळाला. तो दगड खाली फेकला असता तर लागणारा वेळ. जी ऋण घेऊन २५ धनच ठेवणाऱ्यांच्या वर्गमुळाखाली वजा ४ आलं, पुढे पान कोरं. गुणांसाठी मी प्राचार्यांपर्यंत गेलो आणि ते मिळवले. सर त्यानंतर माझ्याबरोबर चहाला येईनात, न येवोत.

जीची किंमत ध्रुवावर साधारण ९.८३, विषुववृत्तावर ९.७८. ऋण छापलेली पाहिलीत कुठे? चिन्ह लागतं ते तुम्ही धन ठरवलेल्या दिशेमुळे, दगड कुठे चाललाय त्यामुळे नाही. वरची दिशा धन, तर दगड चढताना, टोकाला आणि पडताना त्वरण वजा जीच. खालची धन, तर शेवटपर्यंत अधिक जी.

वजनाचंही तेच. लिफ्टमध्ये वरची दिशा धन घेतली की तळाची प्रतिक्रिया (तळ पायांना वर ढकलतो ते बल) वजा एमजी बरोबर एमए (वस्तुमान गुणिले त्वरण ए). एचं चिन्ह त्वरणाच्या दिशेवरून, लिफ्टच्या नाही. खाली जाणारी लिफ्ट थांबत असते तेव्हा त्वरण वरच्या दिशेने असतं.

आता, गणित दोन टप्प्यांत सोडवलं (वर २ सेकंद, मग टोकापासून ४५ मीटर खाली ३ सेकंद) तर चौकटीनेही ५ येतात, हे खरं. सर तेच तोंडावर फेकायचे. पण तिथे प्रत्येक टप्प्याला दिशा नव्याने ठरवलेली असते, हे ते पोरांना कधी सांगत नसत. शिवाय काही जण जीमध्येच वजा धरून सुरुवात करतात. तसं असेल तर समीकरणात पुन्हा वजा लावू नका.

मुलाने पहिल्या ओळीत बाण काढला आणि तरी कुणी गुण कापले, तर पेपर घेऊन स्वतः जा. फोनवर बोलून काही होत नाही.