ओझोन विषुववृत्तावर तयार होतो, तर मग तो तिथेच सर्वांत कमी का?

आपला प्रश्न असा आहे की, ओझोन जर सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तयार होत असेल तर तो विषुववृत्तावर आणि भर उन्हाळ्यात सर्वाधिक असायला हवा. मग नकाशांवर तो ध्रुवांच्या बाजूला, आणि तोही वसंताच्या सुरुवातीला, जास्त का दिसतो? शिवाय जमिनीलगतच्या ओझोनचेही हेच ऋतुमान असते का, असेही आपण विचारले आहे. शंका अगदी रास्त आहे. विद्यार्थी असताना मीही इथेच बराच काळ अडलो होतो, कारण ओझोन तयार कुठे होतो एवढाच विचार मी करत होतो. एखाद्या ठिकाणी डोक्यावर किती ओझोन असेल हे मुख्यतः वाऱ्यांनी तो किती आणून टाकला आणि आल्यावर तो किती काळ टिकला यावर ठरते. पाऊस डोंगरावर पडतो, पण पाणी साठते ते खालच्या तळ्यात, तसाच हा प्रकार आहे.

आधी मोजमापाविषयी थोडे सांगतो. आपल्या डोक्यावरच्या हवेतला सगळा ओझोन समुद्रसपाटीच्या दाबाला आणि शून्य अंश सेल्सिअसला आणून एकत्र केला, तर त्याचा जेमतेम ३ मिलिमीटर जाडीचा थर होईल. यालाच ३०० डॉब्सन एकके म्हणतात, आणि जगाची सरासरी साधारण एवढीच आहे. उष्ण कटिबंधात हा आकडा वर्षभर २५० ते २८० च्या आसपास राहतो, ऋतूंचा फरक तिथे फारसा जाणवत नाही. उत्तर गोलार्धात ६० अंश अक्षवृत्ताच्या परिसरात मात्र मार्च-एप्रिलमध्ये तो ४०० च्या वर जातो आणि ऑक्टोबरपर्यंत ३०० च्या जवळ उतरतो. हे चित्र प्रथम स्पष्ट केले ते ब्रिटिश शास्त्रज्ञ गॉर्डन डॉब्सन यांनी. १९२० च्या दशकात त्यांनी आपली उपकरणे आधी युरोपात आणि नंतर कोडाईकनाल, ख्राइस्टचर्च अशा दूरदूरच्या ठिकाणी पाठवून मोजणी करवून घेतली. या मोजणीचे तत्त्व साधे आणि सुंदर आहे: सूर्यप्रकाशातल्या दोन जवळजवळच्या तरंगलांबी घ्यायच्या, एक ओझोन जोरात शोषतो अशी आणि दुसरी तो फारशी शोषत नाही अशी, आणि त्यांच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून वाटेत किती ओझोन लागला हे काढायचे.

आता कारणाकडे वळू. २४० नॅनोमीटरहून आखूड लांबीचे किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतात आणि सुटा झालेला अणू दुसऱ्या रेणूला चिकटून ओझोन बनतो. हे काम सर्वांत जोमाने चालते ते उष्ण कटिबंधावर, ३० किलोमीटरच्या वर. पण तिथला प्रखर प्रकाश ओझोन घडवतो तसाच त्याच्या नाशालाही हातभार लावतो, त्यामुळे तिथे साठा वाढत नाही. तोच ओझोन खाली, २० किलोमीटरच्या आसपास, ध्रुवांकडच्या अंधुक प्रदेशात पोहोचला की महिनोन्महिने टिकतो.

त्याला तिथे नेणारे अभिसरण ब्रूअर-डॉब्सन अभिसरण या नावाने ओळखले जाते. हवा उष्ण कटिबंधात सावकाश वर चढते, ध्रुवांच्या दिशेने सरकते आणि तिथे खाली बसते. पर्वतरांगा आणि जमीन-समुद्राच्या तापमानातील तफावत यांमुळे वातावरणात ज्या अजस्र लहरी उठतात, त्या या अभिसरणाला ढकलतात. आणि या लहरी स्थितांबरात, म्हणजे ओझोनचा थर असलेल्या वरच्या हवेत, शिरू शकतात त्या मुख्यतः हिवाळ्यात, तिथले वारे पश्चिमेकडून वाहत असताना. म्हणजे ओझोनची आवक होते हिवाळ्यात, आणि नेमका तेव्हाच तिथे त्याचा नाश करणारा सूर्यप्रकाश नसतो. साठा वाढत वाढत हिवाळ्याच्या अखेरीस शिगेला पोहोचतो. पुढे आवक मंदावते, सूर्य तळपू लागतो आणि शरदापर्यंत तो झिजत जातो. उष्ण कटिबंधात याच्या उलट, खालून सतत ओझोन नसल्यासारखीच हवा वर येत राहते, आणि तपांबराची, म्हणजे जमिनीला लागून असलेल्या सर्वांत खालच्या थराची, सीमाच १६-१७ किलोमीटरवर असल्याने ओझोनच्या थराला खालच्या बाजूने जागाही कमी मिळते.

याचा परिणाम प्रत्यक्ष त्वचेवर होतो. मार्च आणि सप्टेंबरमधल्या विषुवदिनांना एकाच ठिकाणी दुपारचा सूर्य सारख्याच उंचीवर असतो, तरी उत्तरेकडे सप्टेंबरच्या निरभ्र दिवशी त्वचा भाजणारे किरण अधिक पोहोचतात, कारण तोवर वरचे छत विरळ झालेले असते.

दक्षिण गोलार्धाची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत विलक्षण भाग हाच आहे. १९५६ मध्ये अंटार्क्टिकावरील हॅली बे येथे मोजणी सुरू झाली, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरचे आकडे अपेक्षेपेक्षा सुमारे १५० एककांनी कमी आले. उपकरणातच दोष असावा अशी शंका आली. पण नोव्हेंबरमध्ये आकडे एकाएकी उसळून अपेक्षित पातळीवर गेले. दक्षिणेत लहरी दुबळ्या असल्यामुळे ध्रुवाभोवतीचा वाऱ्यांचा भोवरा वसंत सरत येईपर्यंत अभेद्य राहतो. ओझोन त्याच्या बाहेर, ६० अंशांच्या आसपास, तुंबून राहतो आणि भोवरा फुटला की आत लोटतो. ही झाली निसर्गाची घडण. पुढे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी याच ठिकाणची ऑक्टोबरमधली जी घसरण जगापुढे मांडली, ती मात्र माणसाने केलेली होती. त्या भोवऱ्यात तापमान उणे ७८ अंशांखाली गेले की ढग तयार होतात, क्लोरोफ्लुरोकार्बन या माणसाने बनवलेल्या वायूंमधून आलेला क्लोरीन त्यांच्या पृष्ठभागावर क्रियाशील रूपात येतो, आणि ध्रुवावर पहिली किरणे पडताच काही आठवड्यांत १४ ते २० किलोमीटरमधला ओझोन जवळपास संपतो. थंडी आणि प्रकाश दोन्ही एकत्र लागतात, म्हणून ओझोनचे हे ‘छिद्र’ पडते ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच. उत्तर ध्रुवावर इतकी सलग थंडी क्वचित पडते. २०११ आणि २०२० च्या वसंतात ती पडली, तेव्हा तिथेही मोठी घट दिसली.

राहिला जमिनीलगतचा ओझोन. एकूण साठ्याचा साधारण दहावा हिस्सा तपांबरात असतो आणि त्याचे गणित वेगळे आहे. वाहने व कारखान्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे यांच्यावर ऊन पडून तो जागच्या जागी तयार होतो. त्यामुळे प्रदूषित प्रदेशांत तो वाढतो तो उन्हाच्या, वारा पडलेल्या दिवसांत, दुपारनंतर. आणि बऱ्याचदा शहराच्या मध्यापेक्षा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या खेड्यांत तो जास्त आढळतो, कारण रहदारीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड शहरातला ओझोन लगेच खाऊन टाकतो.