मॅट उचलून बघा, बाई

प्रश्न: मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार कराड. यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना एसटीची पायरी चढवत नाही. ओळखीतून एक वॅगनआर बघितली. मार्च 2012 ची, पेट्रोल, एमएच 10 पासिंग, मीटरवर 58 हजार किलोमीटर. 1 लाख 90 हजार सांगतायत. इतकं कमी रनिंग म्हणजे गाडी चांगलीच असणार ना? मला गाडी चालवता येते, पण बोनेटखालचं काही कळत नाही. घेण्याआधी काय काय बघू?

उत्तर: बाई, मीटर सगळ्यात शेवटी बघा. एवढ्या वर्षांत 58 हजार म्हणजे महिन्याला साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. अशक्य नाही, डॉक्टरांच्या नाहीतर प्राध्यापकांच्या गाड्या अशा फिरतात. पण मग ब्रेक-क्लचच्या पेडलचं रबरही तसंच दिसायला हवं. रबर गुळगुळीत झालंय, स्टिअरिंगला तुळतुळीत चमक आलीय आणि मीटर 58 हजार सांगतोय, तर मीटर मागे घेतलाय असं समजा.

मला काळजी वाटली ती ‘एमएच 10’ वाचून. सांगलीकरांनी रागावू नये, आमच्या कोल्हापूरच्या एमएच 09 बद्दलही मी हेच म्हणतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021, दोनदा कृष्णा-पंचगंगेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं. त्यातल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या.

त्यातली एक मीच घेतली. उद्यमनगरात तेव्हा गॅरेज टाकून पंचवीस वर्षं होऊन गेली होती, तरी फसलो. 2019 च्या दिवाळीनंतर मेहुणीसाठी गाडी शोधत होतो. गाडी चकचकीत, सीट कव्हरं नवी कोरी, आत अगरबत्तीचा असा वास की डोकं उठावं. मला वाटलं, माणूस देवभोळा असेल. डिसेंबरात तिच्या पॉवर विंडोच्या काचा आपोआप खाली जायला लागल्या. मग कार्पेट उचकटलं. खालचा नमदा अजून ओला, आणि वायरिंगच्या कपलरमधल्या पिना हिरव्यागार, मोरचूद धरल्यासारख्या. मेहुणी अजून विषय काढते.

म्हणून सांगतो, आधी पुढच्या डाव्या सीटजवळचं मॅट उचला. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी मालकाला काढायला लावा आणि कार्पेटचा कोपरा वर करून हात घाला. बारीक गाळ, ओल, कुबट वास यातलं काहीही सापडलं तर चहाही न घेता निघा. सीटच्या खालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज बघा. सीट बेल्ट पार शेवटपर्यंत ओढा. कायम आत गुंडाळलेला भाग धुवायचा कुणाच्या लक्षात राहत नाही, पाण्याची तपकिरी रेघ तिथे सापडते. डिकीत स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. एवढ्याला बोनेटखालचं काही कळावं लागत नाही.

इंजिनाचं म्हणाल तर वेळ सकाळी सातची ठरवा आणि ‘आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका’ असं बजावून सांगा. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर आधीच चालू करून ठेवलीय. का, ते विचारा. चालू करण्याआधी इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. काळं असेल तर चालतं. सायीसारखं पांढरट चिकट असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे, मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग सेल्फ मारा आणि गप्प उभं राहून ऐका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. बेल्ट बदलायचा खर्च त्यामुळे वाचतो, पण ऑइल वेळच्या वेळी न बदललेल्या गाडीची चेन सैल होऊन खडखडते. तोवर यजमानांना मागे उभं करा. थंडीत थोडी पांढरी वाफ येणारच. निळसर धूर मात्र नको, ती गाडी ऑइल पिते. तीन सिलिंडरचं इंजिन आहे, उभ्या गाडीत थोडी थरथर जाणवेल, तो तिचा स्वभाव. डॅशबोर्डच हलत असेल तर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबर, गेलं.

चालवायची तुम्हीच, मालकाने नाही. आगाशिवच्या बाजूचा एखादा चढ गाठा आणि तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबा. आवाज वाढतोय पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट संपत आली. खर्च होईल, पण तेवढ्यासाठी गाडी सोडू नका, किंमत उतरवा.

टायरच्या कडेला चार आकडी छाप असतो. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसली तरी इतके जुने टायर बदलावेच लागतात.

कागदाचं एकच नीट ऐका. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे हिची मुदत मार्च 2027 ला संपते. पुढे आरटीओत तपासणी करून, फी आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून मिळते. हा खर्च तुमच्या माथी येणार, तो 1 लाख 90 हजारात धरूनच बोला. आरसीवर विकणाऱ्याचंच नाव आहे ना, बँकेचा बोजा उतरलाय ना, चलन थकलेलं नाही ना, हे परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर तुमच्यासमोर सही झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विमाही लगेच नावावर करून घ्या.

आणि बाई, या सगळ्याच्या आधी यजमानांना पुढच्या सीटवर चार वेळा बसवा-उठवा. वॅगनआर उंच आहे, गुडघ्याला सोयीची पडावी. त्यांना जमलं नाही तर मॅट उचलायचीसुद्धा गरज नाही.