दहा गायी एकदम, की गोठ्यातल्याच कालवडी?

प्रश्न : मी फलटण तालुक्यातील 34 वर्षांचा दूध उत्पादक आहे. गोठ्यात सहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी आणि भरवण्याच्या वयाला आलेल्या तीन कालवडी आहेत. रस्त्यासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यातले 8 लाख रुपये हाती आहेत. बँकेकडून 11 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी 6 लाख घेऊन पंजाबातून दहा गायी आणाव्यात आणि गोठा वाढवावा, असा विचार आहे. वाहतुकीसह एक गाय 1 लाख 10 हजारांना पडते. गायीमागे 18 लिटर दूध आणि 34 रुपये दर धरला, तर रोज 6,120 रुपये येतील. मेहुणे म्हणतात की, 1,000 रुपयांची सॉर्टेड सीमेनची (बहुतेक कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या वीर्याची) कांडी भरून घरच्याच कालवडी तयार कर. आयर्लंडमध्येही असेच करतात. व्यापाऱ्याला 25 हजारांचा विसार दिला आहे. काय करावे?

नमस्कार. आपल्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा 6,120 हा आहे, कारण कर्जाचा सारा विचार त्यावर उभा आहे, आणि तोच आकडा टिकणारा नाही. 18 लिटर हे गाय व्याल्यानंतरच्या भर दुधाचे माप आहे. अशी गाय 305 दिवसांच्या वेतात, म्हणजे एका विण्यानंतरच्या दुधाच्या काळात, सरासरी साडेबारा लिटरच्या आसपास येते. दोन वेतांमधले अंतर आपल्याकडच्या बऱ्या गोठ्यातही 14 महिन्यांच्या खाली क्वचितच जाते, म्हणजे दहा गायींपैकी कोणत्याही दिवशी सातच दुधात असतात आणि तीन भाकड उभ्या असतात. त्या हिशेबाने रोजचे दूध 180 नव्हे, तर साडेसत्त्याऐंशी लिटर होते आणि 34 रुपयांनी त्याचे 2,975 रुपये येतात.

आता खर्च पाहू. दुधातल्या गायीला रोज 260 रुपयांची वैरण, पेंड आणि भरडा, भाकड गायीला 130 रुपये, एका गड्याचा महिन्याला 12 हजार पगार, आणि औषधपाणी, कृत्रिम रेतन व विमा मिळून दिवसाला 100 रुपये, असे अगदी बेताचे धरले तरी रोजचा खर्च 2,710 रुपये होतो. महिन्याला उरतात 7,950 रुपये. बँकेचा हप्ता मात्र सुमारे 13,050 रुपयांचा आहे. शेणखताचे मोल मी यात धरलेले नाही. ते महिन्याला दोन-अडीच हजार मानले तरी हप्ता भरण्यासाठी जुन्या सहा गायींच्या दुधातले पैसे ओढावे लागतील. दर 30 रुपयांवर आला तर हप्त्याआधीच महिन्याला अडीच हजारांची खोट येते. आणि दर घसरत नाही असे कोणी म्हणू नये. 2024 मध्ये गायीच्या दुधाला लिटरमागे आधी 5 आणि नंतर 7 रुपयांचे अनुदान राज्य सरकारला द्यावे लागले, ते दर कोसळल्यामुळेच.

पंजाबातल्या गायींना माझा सरसकट विरोध नाही. त्या गायी चांगल्या असतात, पण तिथल्या चाऱ्यावर आणि तिथल्या हवेत. दोन दिवस ट्रकमध्ये उभी राहून आलेल्या ताज्या व्यालेल्या गायीला इथला उन्हाळा, बदललेला चारा आणि गोचीडताप हे तिन्ही एकदम भेटतात. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाने अशाच आठ गायी आणल्या होत्या. पहिल्या चार महिन्यांत दोन दगावल्या, आणि कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक विम्याच्या कागदावर चुकीचा पडल्यामुळे भरपाई अडकली. त्या घरातली बाई मला दावणीची रिकामी जागा दाखवत होती आणि हप्ता मात्र आठ गायींचाच चालू होता. सल्ला देताना मला ते दृश्य विसरता येत नाही.

मेहुण्यांचे म्हणणे मुळात बरोबर आहे, पण त्यातला वेळ आणि खर्च त्यांनी सांगितलेला दिसत नाही. कालवड देणाऱ्या शुक्राणूत गोऱ्हा देणाऱ्या शुक्राणूपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त डीएनए असतो. त्या फरकावरून यंत्र ते वेगळे काढते आणि अशा कांडीपासून सुमारे 90 टक्के कालवडी होतात. हे तंत्र काही वर्षे पूर्णपणे परदेशी यंत्रांवर अवलंबून होते. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशिम येथे पंतप्रधानांच्या हस्ते देशी तंत्राने तयार केलेल्या अशा कांड्यांचा आरंभ झाला, आणि त्यामुळे कांडीमागे सुमारे 200 रुपये वाचतील असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणून 1,000 रुपये देण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि आपल्या दूध संघात अनुदानित दराची चौकशी अवश्य करावी.

यात एक उणीव आहे. वर्गीकरणाच्या यंत्रातून गेलेले शुक्राणू थोडे अशक्त झालेले असतात आणि कांडीतली त्यांची संख्याही कमी असते, त्यामुळे गाय उलटण्याचे, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा जास्त राहते. पहिलटकर कालवडींना आणि गर्भाशय निरोगी असलेल्या, नियमित माजावर येणाऱ्या गायींनाच ती भरावी. दोनदा उलटलेल्या गायीला ती भरणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

आपल्या गोठ्यापुरता हिशेब असा. तीन उत्तम गायी आणि तीन कालवडी निवडा. एका गाभणीमागे तीन कांड्या लागतील असे धरले तर 18 हजार रुपये होतात. सहा गाभण राहिल्या तर साधारण पाच कालवडी मिळतील. एक कालवड व्यायला येईपर्यंत 27 महिने लागतात आणि रोज 80 रुपये खर्चाने ती सुमारे 66 हजारांना पडते. पाचांचे 3 लाख 30 हजार. गाभण राहण्याचे तीन महिने आणि पोटातले नऊ महिने धरले तर त्यांचे दूध आजपासून सव्वातीन वर्षांनी सुरू होईल. मध्ये एखादी मरेल, एखादी गाभणच राहणार नाही, हेही धरून चालावे. तरीही विकतच्या गायीपेक्षा ती सुमारे 44 हजारांनी स्वस्त पडते, इथल्याच हवेत वाढते, आणि मुख्य म्हणजे तिच्या आईचे दूध आपण स्वतः मोजलेले असते. शिवाय आपल्या तीन कालवडी वर्षभरात व्यायल्या की दुधाच्या गायी सहाच्या नऊ होणार आहेत, ही गोष्ट आपल्या पत्रातल्या हिशेबात कुठेच आलेली नाही.

आयर्लंडच्या उदाहरणाबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे मला गरजेचे वाटते, कारण त्यातला अर्धा भाग आपल्याला लागू आहे आणि अर्धा नाही. तिथले शेतकरी उत्तम गायींना सॉर्टेड सीमेन भरून वारसदार कालवडी घेतात आणि उरलेल्या गायींना अँगससारख्या मांसल जातीच्या वळूचे वीर्य भरतात, म्हणजे ते वासरू चांगल्या भावाने विकले जाते. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे आणि शेतातली बैलांची कामे ट्रॅक्टरकडे गेली आहेत, त्यामुळे एचएफ गोऱ्ह्याला आपल्याकडे बाजारच उरलेला नाही. त्याला पाजलेले दूध हा निव्वळ खर्च असतो, आणि त्याला सोडून देणे हे कोणाही गोपालकाच्या मनाला पटणारे नाही. म्हणूनच आपल्यासाठी सॉर्टेड कांडीचे महत्त्व आयर्लंडपेक्षा जास्त आहे. पण कमी दुधाच्या गायीच्या वासराचे पैसे मात्र आपल्याला मिळणार नाहीत. अशा गायीची कालवडही वाढवू नये आणि पुढच्या वेताआधी ती गाय योग्य गोपालकाला विकून टाकावी.

तिथली दुसरी गोष्ट मात्र पूर्णपणे घेण्यासारखी आहे. त्यांच्या वळूंची क्रमवारी लिटरवर लागत नाही, तर त्या वळूच्या मुली वेतामागे किती युरो नफा वाढवतील यावर लागते, आणि त्यात वेळेवर गाभण राहण्याच्या गुणाला मोठे वजन असते. आपणही रेतन करणाऱ्या सेवकाला कांडीवरचा वळूचा क्रमांक विचारा, त्याच्या आईचे आणि मुलींचे दूध किती ते पाहा, आणि तो क्रमांक वहीत लिहा, म्हणजे दोन वर्षांनी त्याच वळूची कांडी त्याच्याच मुलीला भरली जाणार नाही. आपल्या उष्ण हवेत विदेशी रक्त 50 ते 75 टक्क्यांच्या पुढे नेऊ नये.

आता मोजण्याचे. डेअरीच्या पावतीवर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आणि एकूण लिटर असतात, पण ते साऱ्या गोठ्याचे असतात. कोणती गाय घर चालवते आणि कोणती घरावर चालते हे त्यातून कळत नाही. दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला प्रत्येक गायीचे सकाळचे आणि संध्याकाळचे दूध वेगळ्या बादलीत काढून ताणकाट्यावर तोला आणि वहीत गायीच्या नावापुढे लिहा. त्यासाठी काट्याव्यतिरिक्त एक रुपयाही लागत नाही, आणि वरच्या ‘तीन उत्तम गायी’ कोणत्या हे ठरवायला दुसरा मार्ग नाही.

पैशांची मांडणी मी अशी करीन. 2 लाख रुपये बँकेच्या ठेवीत, घरखर्च आणि वैरणीच्या सहा महिन्यांसाठी, हात न लावता राहू द्यावेत. 2022 साली लम्पीच्या साथीत ज्यांच्याकडे अशी शिल्लक होती त्यांनाच गायी मातीमोल विकाव्या लागल्या नाहीत. दीड लाख मुक्त संचार गोठ्याचे कुंपण आणि हंगामात मका घेऊन मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करण्यासाठी. 3 लाख 30 हजार कालवडींच्या संगोपनाचे. ते सव्वातीन वर्षांत हळूहळू लागणार असल्याने सहा-सहा महिन्यांच्या मुदत ठेवींत टप्प्याने ठेवावेत. 20 हजार कांड्यांसाठी. उरलेल्या 1 लाखात हवी तर एकच गाय घ्यावी, तीही जवळपासच्या गावातली, दोन्ही वेळचे दूध स्वतः उभे राहून काढून पाहिलेली. 6 लाखांचे कर्ज आज घेऊ नये. खेळत्या भांडवलाची गरज पडलीच, तर पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करावी, कारण मर्यादेतल्या रकमेची वेळेवर फेड केल्यास तिथे व्याज 4 टक्क्यांवर येते.

विमा प्रत्येक गायीचा काढावा. केंद्राच्या योजनेत 2024 पासून हप्त्यातला पशुपालकाचा वाटा 15 टक्केच आहे. बिल्ल्याचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा. आणखी एक गोष्ट गावात फारशी बोलली जात नाही : दुधाचे उत्पन्न हे प्राप्तिकराच्या दृष्टीने शेतीचे उत्पन्न नव्हे, व्यवसायाचे आहे. कर लागला नाही तरी विवरणपत्र भरत राहावे. पुढे कर्ज मागताना तोच पुरावा कामी येतो.

दोन वर्षांनी वहीत दोन आकडे पाहा, दोन वेतांमधले अंतर आणि लिटरमागचा खर्च. अंतर 14 महिन्यांच्या आत आणि खर्च 26 रुपयांच्या खाली असेल, तर गोठा वाढवण्यासाठी कर्ज घ्यायला मी स्वतः आपल्याला सांगेन.

राहिला विसार. व्यापाऱ्याशी बोलून तो परत मिळवण्याचा प्रयत्न करा. नाहीच मिळाला, तर 25 हजारांवर पाणी सोडा. ते वाचवण्यासाठी 14 लाखांचा व्यवहार पुरा करू नका.