शाळा म्हटलं तर ‘शाला’ का उमटतं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी, बोलून मराठी लिहिण्याबद्दल

प्रश्न : माझं शिक्षण हिंदी माध्यमातून झालं, घरी मात्र मराठीच. फोनवर बोलून लिहिते तेव्हा ‘शाळा’चं ‘शाला’ होतं, कधी अख्खं वाक्यच हिंदीत उमटतं. माझा उच्चार चुकतो का? (वाचिका, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : अख्खं वाक्य हिंदीत उमटतं त्यात तुमच्या उच्चाराचा काही दोष नाही, तो सेटिंगचा आहे. जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, टाइप करायची भाषा आणि ऐकायची भाषा वेगवेगळ्या ठरवता येतात. कीबोर्डवरच्या चाकाच्या चिन्हातून ‘व्हॉइस टायपिंग’मध्ये जा आणि तिथल्या भाषांच्या यादीत फक्त ‘मराठी (भारत)’ ठेवा. फोनच्या आवृत्तीनुसार नावं थोडी बदलतात. हिंदी आणि मराठी दोन्हींवर खूण असली की फोन दर वेळी भाषेचा अंदाज बांधतो, आणि इंदूरच्या मराठीत हिंदी शब्द इतके असतात की तो अंदाज सहज चुकतो.

‘शाला’चं कारण वेगळं आहे. सॉफ्टवेअर आवाजाचे, दर वेळी साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागाने पुढे सरकणारे, तुकडे पाडून ध्वनी ओळखतं, आणि आजूबाजूच्या शब्दांवरून त्या ध्वनींचा शब्द ठरवतं. हिंदीत वाढलेल्या जिभेचा ळ पुरता मागे वळत नाही, म्हणून यंत्राला तो ल वाटतो. एकटा शब्द असेल तर ते अडतं : ‘मूळ’ही शब्द आहे आणि ‘मूल’ही. पण ‘वडाचं मूळ भिंतीत शिरलं’ असं सबंध वाक्य मिळालं की मूल भिंतीत शिरत नाही, हे त्याला पुष्कळ वेळा कळतं. म्हणून शब्द सुटे सुटे टाकू नका, सहा ते दहा शब्द एका दमात बोला. ‘शाळ्ळा’ असं ठासूनही म्हणू नका. यंत्र लोकांच्या सहज बोलण्यावरून शिकलेलं असतं, ताणलेला शब्द त्याला आणखी परका वाटतो.

इथे एक लक्षात घेण्यासारखं. ‘चमचा’तला च आपल्याकडे अनेक जण हिंदीतल्या ‘चाचा’सारखा उच्चारतात, तरी लिहिताना चूक होत नाही, कारण दोन्ही च लिहायचे एकाच अक्षराने. ळ आणि ल यांची अक्षरंच वेगळी, म्हणून तिथला फरक लगेच कागदावर दिसतो.

प्रश्न : सियागंजातल्या दुकानात गिऱ्हाइकाची यादी बोलून लिहितो. शब्द बरे येतात, आकडे चुकतात. (वाचक, इंदूर)

उत्तर : ‘सात’ आणि ‘साठ’ यांत फरक करणारा ध्वनी क्षणभराचा असतो, तो तागडीच्या आणि टेम्पोच्या आवाजात बुडतो. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. अगदी समोर धरला तर प, फ, भ यांचा श्वास मायक्रोफोनवर आदळतो. यादी एकाच भाषेत बोला : ‘एकोणपन्नास’ आणि ‘उनचास’ मिसळले की घोटाळा ठरलेला. ‘पावणेदोन किलो’ऐवजी ‘एक किलो सातशे पन्नास ग्रॅम’ म्हणा. बोलायला लांब आहे, पण वजन चुकून भांडण होण्यापेक्षा बरं. आणि फोनवर आलेल्या ऑर्डरचं रेकॉर्डिंग यंत्राकडून लिहून घेऊ नका. साध्या फोन कॉलमध्ये सुमारे 3400 हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो. स, श, च यांची ओळख पटवणारा बराच भाग त्याच्या वर असतो.

प्रश्न : आमच्या मंडळाकडे जुन्या व्याख्यानांच्या कॅसेट आहेत. संगणकावर व्हिस्पर हे बोलणं लिहून देणारं सॉफ्टवेअर वापरून त्या लिहून काढता येतील का? (रामबाग, इंदूर)

उत्तर : कच्चा मसुदा मिळेल, छापण्याजोगा मजकूर नाही. आधी ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो करा, 16000 हर्ट्झवर डब्ल्यूएव्ही फाइल काढा. टाळ्या आणि लांब शांतता कापून टाका, कारण शांततेत व्हिस्पर न बोललेली वाक्यं रचतं किंवा एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत सुटतं. तसं झालंच तर आधीच्या मजकुराचा आधार घेण्याची सोय बंद करा. भाषा ‘मराठी’ अशी स्वतः सांगा. नाही सांगितली तर ते पहिल्या 30 सेकंदांवरून भाषा ठरवतं, आणि अध्यक्षांनी हिंदीत स्वागत केलं असेल तर सगळं व्याख्यान हिंदी समजून लिहिलं जाईल.

मराठीसाठी व्हिस्परची लहान मॉडेल निरुपयोगी आहेत, ‘लार्ज’च घ्या. त्याला ग्राफिक्स कार्डाची सुमारे 10 जीबी मेमरी लागते. ‘होळकर’, ‘राजवाडा’, ‘खजराना’ अशी नावं सुरुवातीच्या सूचनेत देता येतात, पण तिथे 224 टोकनांचीच (यंत्र मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं, त्यांची) जागा असते आणि देवनागरी अक्षरांना टोकन जास्त लागतात. तेव्हा नेमकी दहा-पंधरा नावं निवडा.

किती चुकतं ते मोजून पाहा. 200 शब्दांचा उतारा हाताने लिहा आणि ताडून बघा. 14 शब्द बदलले, 6 गळले, 4 जास्तीचे आले तर 24 चुका, म्हणजे 12 टक्के. फक्त ‘केलं’चं ‘केले’ झालं असेल तर ती चूक धरू नका, तो लेखनाचा फरक आहे.

प्रश्न : ‘मी येऊन राहिलोय’, ‘लाइट जाळ’ असं आम्ही बोलतो. यंत्रासाठी पुणेरी बोलायचं का? (विद्यार्थी, इंदूर)

उत्तर : मुळीच नाही. यंत्राने हे बोलणं पुरेसं ऐकलेलं नाही, एवढंच कारण आहे. यंत्रांना शिकवण्यासाठी लोकांचे आवाज गोळा करणाऱ्या मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी आहे, आणि सरकारच्या भाषिणी या भाषा-प्रकल्पात ‘बोलो इंडिया’ आहे. दोन्हीकडे आवाज देता येतो. कॉमन व्हॉइसमध्ये आपल्या माहितीत बोलण्याची ढब जरूर नोंदवा, ती रिकामी राहिली तर तुमचा आवाज इंदूरचा म्हणून वेगळा काढता येत नाही. पण तिथे समोर आलेलं वाक्य वाचायचं असतं, त्यामुळे उच्चार पोहोचतो, ‘येऊन राहिलोय’ पोहोचत नाही. त्यासाठी वाक्यंही तुम्हीच द्यायला हवीत : पंधराहून कमी शब्दांची, आकडे अक्षरांत लिहिलेली, कुठल्या पुस्तकातून न उचललेली. आजीकडूनही वाचून घ्या, दुपारी पंखा बंद करून.