डिस्प्लेपोर्ट लावूनही साठच हर्ट्झ?

प्रश्न: नवा ४के, १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा ६ हा डेस्कटॉप आहे, ग्राफिक्स कार्ड एएमडीचं. सेटिंग्जमध्ये ६०च्या वर हर्ट्झचा (सेकंदाला किती चित्रं, त्याचा) आकडाच दिसत नाही. एचडीएमआय काढून डिस्प्लेपोर्टची केबल लावली, तरी तेच. शिवाय एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारी चित्रपद्धत) चालू केलं की सगळा डेस्कटॉप धुतल्यासारखा फिका पडतो. खोक्यावर डिस्प्लेएचडीआर ४०० असं छापलंय. मॉनिटर परत करावा का?

उत्तर: इतक्यात नको. तुमची पहिली तक्रार मी माझ्याच टेबलावर अनुभवली आहे. लागोपाठ दोन रविवार कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरचा संच) यांच्या आवृत्त्या बदलत बसलो होतो, आणि दोष निघाला मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत. मागच्या बटणाने तो मेन्यू उघडला, तर डिस्प्लेपोर्टची आवृत्ती १.२ वर ठेवलेली. जुन्या कार्डांशी जुळावं म्हणून काही मॉनिटर तसेच येतात. १.४ केलं, पडदा क्षणभर काळा झाला, आणि यादीत १४४ हजर! तुम्हीही आधी तिथेच बघा.

यामागचा हिशेब समजून घ्या, पुढे फार उपयोगी पडतो. ४केच्या एका चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याला २४ बिट लागतात. सेकंदाला ६० चित्रं पाठवायची तर १२ गिगाबिट होतात, १४४ पाठवायची तर जवळपास २९. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७च्या आसपास जातात, १.४ मधून २६. म्हणजे १.४ सुद्धा अपुरंच. तिथे डीएससी हे कॉम्प्रेशन कामाला येतं, आणि काही मॉनिटरवर त्याचं बटण वेगळं असतं. ते चालू आहे ना, बघा. एचडीआरसाठी ठिपक्यामागे ३० बिट धरा, म्हणजे डीएससीची गरज आणखीच वाढते.

एचडीएमआय सोडलंत ते उत्तम केलंत. एचडीएमआय २.० चा दम ४के-६० ला संपतो, आणि २.१ ची सोय एएमडीच्या खुल्या ड्रायव्हरमध्ये आणायला एचडीएमआय फोरमने २०२४ मध्ये नकार दिला.

मेन्यू नीट केल्यावर टर्मिनलमध्ये केस्क्रीन-डॉक्टर ही आज्ञा वजा-ओ जोडून चालवा. मॉनिटरचे सगळे मोड छापून येतात. ज्याच्यापुढे चांदणी, तो सध्या चालू. उद्गारचिन्ह म्हणजे मॉनिटरची स्वतःची पसंती. १४४ यादीत आहे पण चांदणी ६०वर आहे, तर सेटिंग्जमध्ये नुसतं निवडायचं. यादीतच नसेल तर ड्रायव्हरशी झटापट करण्याआधी दुसरी केबल लावून बघा.

आता फिकेपणा. लिनक्समध्ये पडद्यावर चित्र मांडायच्या दोन पद्धती आहेत, नवी वेलँड आणि जुनी एक्स११. एचडीआरचं बटण दिसतंय म्हणजे तुम्ही वेलँडवर आहात, एक्स११ वर ते मिळतच नाही. साध्या सिग्नलमध्ये, म्हणजे एसडीआरमध्ये, पांढरा म्हणजे मॉनिटरला जमेल तेवढा पांढरा. एचडीआरमध्ये मात्र प्रकाश थेट निट्समध्ये (पडद्याच्या उजेडाचं एकक) सांगितला जातो, आणि ही मोजपट्टी १०,००० पर्यंत जाते. मग ब्राउझरचं पांढरं पान या मोजपट्टीवर कुठे बसवायचं, हे कोणीतरी ठरवायला हवं. प्लाझ्मात त्यासाठी एसडीआर ब्राइटनेसची पट्टी आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत अशा पांढऱ्यासाठी २०३ निट्स हा आकडा आहे. तुम्ही २००पासून सुरुवात करा, दिवसा खोलीत भरपूर उजेड असेल तर थोडं चढवा. ही पट्टी खाली राहिली की पांढरं पान राखाडी वाटतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. डिस्प्लेएचडीआर ४०० च्या दर्जात पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची अट नाही. त्यामुळे अंधाऱ्या प्रसंगात एका कोपऱ्यात दिवा लागला की बाकीचा काळाही करडा होऊ शकतो. हे कुठल्याही सेटिंगने जाणार नाही. अशा मॉनिटरवर मी रोजच्या कामात एचडीआर बंदच ठेवतो आणि चित्रपटापुरतं चालू करतो. चित्रपट एमपीव्ही या व्हिडिओ प्लेअरमध्ये बघत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये चित्र दाखवण्यासाठी जीपीयू-नेक्स्ट हा पर्याय निवडा आणि टार्गेट-कलरस्पेस-हिंट चालू ठेवा, नाहीतर चित्र एसडीआरमध्ये रूपांतर होऊनच पडद्यावर येऊ शकतं.